लिनक्स अपग्रेडनंतर डेस्कटॉप कोरा झाला? जुन्या सेटिंग्ज बहुधा घरातच आहेत

प्रश्न थोडक्यात असा. उबुंटू २०.०४ आधी २२.०४ वर आणि लगेच २४.०४ वर नेलं. कागदपत्रं, फोटो जागेवर आहेत, पण वॉलपेपर गेला, एक्स्टेन्शन्स (डेस्कटॉपला जोडलेले छोटे पूरक प्रोग्राम) बंद पडली, फायरफॉक्समधले बुकमार्क दिसेनासे झाले. कुणीतरी सुचवलं म्हणून ग्नोमचं, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपचं, सगळं डीकॉन्फ (सेटिंग्जचा साठा) रीसेट केलं, तर स्वतः घातलेले कीबोर्ड शॉर्टकटही गेले. मग होममधलं (आपल्या खात्याच्या फोल्डरातलं) डॉट-कॉन्फिग हे सेटिंग्जचं लपलेलं फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवलं आणि बाहेरच्या डिस्कवरच्या बॅकअपमधलं तेच फोल्डर सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावून त्याच्या जागी कॉपी केलं. आता डेस्कटॉप पार कोरा आहे आणि नव्याने केलेला कुठलाही बदल पुढच्या लॉगिनपर्यंत टिकत नाही. पूर्ण होम फोल्डरच बॅकअपवरून उतरवायचं का?

नको. अजिबात नको. तुमच्याकडे आत्ता तीन वेगवेगळ्या बिघाडांची एक मोळी झाली आहे आणि त्यातला शेवटचा, म्हणजे बदल न टिकण्याचा, अपग्रेडने केलेला नाही. तो सुडोने केला आहे. पूर्ण होम उतरवलंत तर २०.०४ च्या काळातल्या फाइल्स २४.०४ च्या फाइल्सवर बसतील आणि मग कोणती फाइल कुठून आली हे कुणालाच सांगता येणार नाही.

अपग्रेड करणारा प्रोग्राम सहसा होम फोल्डरला हात लावत नाही. पॅकेजेसचा कारभार मुख्यतः सिस्टीमच्या फोल्डरांमध्ये चालतो. त्यामुळे “सेटिंग्ज उडाल्या” असं जेव्हा दिसतं, तेव्हा बहुतेक वेळा फाइल जिथल्या तिथे असते, फक्त ती वाचणारा प्रोग्राम बदललेला असतो, किंवा तो दुसऱ्याच जागी शोधत असतो, किंवा त्याला ती उघडायची परवानगी नसते. खरोखर पुसली गेलेली फाइल मी क्वचितच पाहिली आहे, आणि ती पुसणारा बहुतेक वेळा खुर्चीत बसलेला माणूसच होता. तुमचे शॉर्टकट तसेच गेले आहेत. रागावू नका, मीही हे केलेलं आहे.

(पुढे कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत.)

आधी डिस्कवर जागा आहे का बघा. डीएफ -एच चालवा. होम असलेलं पार्टिशन १०० टक्के भरलेलं असेल तर कुठलाच डेस्कटॉप सेटिंग लिहू शकत नाही, आणि दोन अपग्रेड पाठोपाठ केल्यावर उतरवलेली पॅकेजेस आणि जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) बरीच जागा खाऊन बसतात. जागा असेल तर पुढे जा.

आता एलएस -एलए देऊन डॉट-कॉन्फिगच्या आत बघा. प्रत्येक ओळीच्या तिसऱ्या रकान्यात फाइलीच्या मालकाचं नाव असतं. माझा अंदाज असा की तुमच्याकडे त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘रूट’ (प्रशासकाचं खातं) लिहिलेलं असेल. सुडो सीपी -आर ने नव्याने तयार झालेली प्रत्येक फाइल रूटच्या मालकीची होते. त्यात डीकॉन्फ नावाचं जे फोल्डर आहे त्याची परवानगी फक्त मालकापुरती असते, बाकी कुणाला आत डोकावताही येत नाही. मालक रूट, म्हणजे बाकी कुणात तुम्हीसुद्धा आलात. ग्नोम तिथे जातो, दार बंद दिसतं, तो निमूटपणे मूळ सेटिंग्ज दाखवतो. तुम्ही काही बदललंत तर ते लिहायलाही जागा नाही. सगळं कोडं इतकंच आहे.

मालकी बदलून हे सुटेल, पण मी तसं करणार नाही. तुम्ही बाजूला ठेवलेलं फोल्डर हेच २४.०४ वर चाललेलं, नव्या प्रोग्रामांनी स्वतः जुळवून घेतलेलं फोल्डर आहे. ते परत आणा आणि बॅकअपमधून नेमके हवे ते तुकडे त्यात घाला. त्यासाठी ग्राफिकल सेशनमधून लॉगआउट करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून साध्या कन्सोलवर लॉगिन करा, आताच्या डॉट-कॉन्फिगला एमव्हीने (नाव बदलणारी कमांड) ‘कॉन्फिग-रूट’ असं काही नाव द्या (रूटचं असलं तरी होम तुमचं आहे, तरीही एमव्ही अडलाच तर फक्त तेवढ्यापुरतं सुडो लावा) आणि बाजूला ठेवलेल्याला त्याचं मूळ नाव परत द्या. लॉगआउट का, तर डेस्कटॉप चालू असताना त्याच्या पायाखालची फाइल बदलली की तो आपल्या स्मरणातली जुनी माहिती तिच्यावर लिहून मोकळा होतो.

कन्सोलवर आहातच, तर आणखी एक बघा. फाइंड, मग टिल्ड, मग उद्गारचिन्ह, -युजर आणि तुमचं लॉगिन नाव. होममध्ये तुमच्या मालकीची नसलेली प्रत्येक फाइल यात दिसेल. ‘कॉन्फिग-रूट’ सोडून काही निघालं तर तेवढ्याच फाइलींना सुडो चोन (मालक बदलणारी कमांड) लावून मालक बदला, नावापुढे अपूर्णविराम दिलात की ग्रुपही आपोआप बरोबर होतो. डॉट-आयसीई-ऑथॉरिटी किंवा डॉट-एक्स-ऑथॉरिटी या दोन फाइली रूटच्या निघाल्या तर त्या हमखास ठीक करा. बरोबर पासवर्ड देऊनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा समोर येतो, त्यामागे अनेकदा याच असतात.

इथे एक जुनी फजिती सांगतो. एकदा मी होममध्ये उभा राहून सगळ्या लपलेल्या फाइलींची मालकी एकाच फटक्यात बदलायला गेलो: चोन -आर, माझं नाव, आणि शेवटी डॉट-तारा. डॉटने सुरू होणारं सगळं, असं माझ्या डोक्यात. पण ‘डॉट-डॉट’ हेसुद्धा डॉटनेच सुरू होतं, आणि त्याचा अर्थ वरचं फोल्डर. कमांड वर चढली आणि त्या मशिनवरच्या सगळ्यांच्या होमची मालकी माझ्या नावावर करून आली. सातबारा बदलल्यासारखं. बॅश या शेलच्या (टाइप केलेल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामच्या) ५.२ आवृत्तीपासून तारा आपणहून ‘डॉट-डॉट’ला धरत नाही, पण तुमचा शेल कोणता आणि किती जुना हे त्या क्षणी आठवत नसतं. फोल्डरचं पूर्ण नाव लिहा.

आता शॉर्टकट. ग्नोमच्या जवळजवळ सगळ्या सेटिंग्ज डॉट-कॉन्फिगमधल्या डीकॉन्फ फोल्डरात ‘युजर’ नावाच्या एकाच फाइलीत असतात. ही बायनरी फाइल आहे, एडिटरमध्ये उघडून उपयोग नाही. २०११ मध्ये ग्नोम ३ आला तेव्हा ही पद्धत आली. त्याआधी जीकॉन्फच्या एक्सएमएल फाइलींचं अख्खं झाड होममध्ये असायचं. तुमच्या बॅकअपमध्ये रीसेटच्या आधीची ‘युजर’ फाइल आहे, म्हणजे शॉर्टकट सुरक्षित आहेत. ती आताच्या फाइलीवर कॉपी करायचा मोह आवरा, कारण तिच्याबरोबर जुन्या एक्स्टेन्शन्सची यादी, जुन्या डॉकच्या सेटिंग्ज असं सगळं गाठोडं येईल.

त्याऐवजी जुनी फाइल न हलवता फक्त वाचायची. डीकॉन्फ आपली फाइल कुठे शोधतो हे एक्सडीजी_कॉन्फिग_होम या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर ठरतं. ते एका कमांडपुरतं बॅकअपमधल्या डॉट-कॉन्फिगकडे वळवा आणि त्याच ओळीत पुढे डीकॉन्फ डम्प, एक स्पेस, एक स्लॅश असं लिहून सगळं एका साध्या फाइलीत ओतून घ्या. बॅकअप रूटच्या मालकीचा असल्याने वाचता येत नसेल, तर आधी ‘युजर’ फाइलीची प्रत आपल्या होममध्ये, डॉट-कॉन्फिग नसलेल्या कुठल्यातरी फोल्डरात, आत डीकॉन्फ फोल्डर करून ठेवा, मालकी आपल्या नावावर करा आणि व्हेरिएबल तिकडे वळवा.

हाती येते ती वाचता येण्याजोगी टेक्स्ट फाइल. चौकटी कंसात विभागाचं नाव, त्याखाली ‘की’ बरोबर ‘किंमत’ अशा ओळी. ती निवांत वाचा. आपण वर्षानुवर्षं काय काय टिकटिक करून ठेवलं होतं ते पाहून गंमत वाटते. माझ्या एका डम्पमध्ये चार वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या प्रिंटरच्या ॲपलेटची विंडो किती रुंद होती हेही होतं.

तुम्हाला हवेत त्यातले दोन विभाग. विंडो हलवण्या-बदलण्याचे शॉर्टकट ‘डेस्कटॉप’खालच्या ‘डब्ल्यूएम’मधल्या ‘कीबाइंडिंग्ज’मध्ये असतात. स्वतः बनवलेले, म्हणजे अमुक कळ दाबली की तमुक प्रोग्राम, ते ‘सेटिंग्ज-डीमन’खाली ‘प्लगइन्स’मधल्या ‘मीडिया-कीज’मध्ये. या दुसऱ्या विभागात लोक हटकून फसतात. प्रत्येक शॉर्टकटचं ‘कस्टम०’, ‘कस्टम१’ असं स्वतंत्र उपफोल्डर असतं, आणि त्या सगळ्यांची हजेरी ‘कस्टम-कीबाइंडिंग्ज’ नावाच्या एका यादीत असते. उपफोल्डर आणलं आणि यादी आणली नाही तर पडद्यावर काहीही दिसत नाही. म्हणून डम्प घेताना ‘मीडिया-कीज’पर्यंतचा पूर्ण मार्ग द्या, शेवटच्या स्लॅशसकट, म्हणजे दोन्ही एकत्र येतात. मग ग्राफिकल सेशनमध्ये लॉगिन करा आणि तोच मार्ग देऊन डीकॉन्फ लोडने ती फाइल आत घाला. डम्प ज्या मार्गाचा, लोडही त्याच मार्गावर. सुडो लावायचं नाही, नाहीतर सेटिंग्ज रूटच्या खात्यात जमा होतील. लोड फक्त फाइलीत असलेल्या ओळी लिहितो, बाकीच्यांना धक्का लावत नाही. एखादी ओळ आत गेली तरी परिणाम दिसत नसेल तर नव्या आवृत्तीत त्या कीचा प्रकार बदललेला असू शकतो. पूर्वी साधी स्ट्रिंग होती, आता यादी हवी, असं. तेव्हा ग्नोम तक्रार न करता मूळ किंमत वापरतो. तेवढे एक-दोन हाताने घाला.

वॉलपेपरची गोष्ट छोटी आहे. २०.०४ मध्ये ग्नोम ३.३६ होता, २२.०४ मध्ये ४२. ग्नोम ४२ पासून गडद रूपासाठी वॉलपेपरची वेगळी की आली. तुम्ही गडद रूप वापरत असाल तर तुमचं चित्र उजळ रूपाच्या कीमध्ये बसलेलं आहे आणि गडद रूपात मूळचं दिसतं आहे. शिवाय चित्र स्वतःचं नसून सिस्टीमबरोबर आलेलं असेल तर ती फाइलच नव्या आवृत्तीत नसण्याची शक्यता आहे. दोन्हीवर उपाय एकच, चित्र पुन्हा निवडा.

एक्स्टेन्शन्स मात्र खरोखरच मोडली आहेत, आणि त्यात तुमची काही चूक नाही. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या मेटाडेटा फाइलीत ते ग्नोमच्या कोणकोणत्या आवृत्त्यांवर चालतं याची यादी असते. यादीत नसलेल्या आवृत्तीवर ग्नोम ते सुरू करत नाही. ही आवृत्तीची तपासणी बंद करणारी एक सेटिंग आहे आणि पूर्वी तिने बरंच निभावून जायचं. पण सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ग्नोम ४५ ने एक्स्टेन्शन्सचे भाग आत घेण्याची पद्धतच बदलली. त्याआधीच्या पद्धतीने लिहिलेलं एक्स्टेन्शन त्यानंतर लोडच होत नाही, तपासणी बंद करा की आणखी काही करा. २४.०४ मध्ये ग्नोम ४६ आहे, म्हणजे तुम्ही ही रेषा ओलांडून आलात. बॅकअपमधली एक्स्टेन्शन्स परत आणण्यात वेळ घालवू नका, नव्या आवृत्त्या उतरवा. आनंदाची गोष्ट अशी की त्यांच्या सेटिंग्ज सहसा एक्स्टेन्शनच्या फोल्डरात नसतात, त्या डीकॉन्फमध्ये ‘शेल’खालच्या ‘एक्स्टेन्शन्स’मध्ये असतात. रीसेटमध्ये त्याही गेल्या, पण बॅकअपच्या डम्पमध्ये आहेत. आधी नवीन एक्स्टेन्शन बसवा, मग त्याच्यापुरता विभाग लोड करा. एकेक करून, सगळी एकदम नको, म्हणजे कोण गोंधळ घालतंय ते कळेल. नवी बसवूनही एकही सुरू होत नसेल तर एक्स्टेन्शन्स ॲपमधला सगळ्यात वरचा मुख्य स्विच बंद आहे का बघा.

फायरफॉक्सचा यातल्या कशाशीच संबंध नाही. त्याचं प्रोफाइल पूर्वी होममधल्या डॉट-मोझिला फोल्डरात असायचं. २२.०४ मध्ये उबुंटू फायरफॉक्स स्नॅपच्या (सगळं एकत्र बांधून येणाऱ्या पॅकेजच्या) रूपात देतो आणि स्नॅपचं प्रोफाइल होममधल्या स्नॅप फोल्डरात, त्यातल्या ‘फायरफॉक्स’, ‘कॉमन’ आणि मग पुन्हा डॉट-मोझिला अशा मार्गावर राहतं. पहिल्यांदा सुरू होताना तो जुनं प्रोफाइल उचलून आणतो, पण हे नेहमी जमतंच असं नाही. शिवाय मे २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल देतो, त्यामुळे एकाच मशिनवर दोन-तीन प्रोफाइलं सहज सापडतात.

खरं कोणतं ते ओळखायला नावावर जाऊ नका, ती निरर्थक अक्षरांचीच असतात. प्रत्येक फोल्डरातल्या ‘प्लेसेस’ या एसक्यूलाइट फाइलीचा आकार आणि तारीख बघा. बुकमार्क आणि हिस्टरी त्यात असते. अपग्रेडच्या दिवसापर्यंतची तारीख आणि सगळ्यात मोठा आकार ज्याचा, ते तुमचं. फायरफॉक्स पूर्ण बंद करा, ते अख्खं फोल्डर सीपी -ए ने स्नॅपच्या फायरफॉक्स फोल्डरात कॉपी करा, मग फायरफॉक्समध्ये ‘अबाउट’, अपूर्णविराम, ‘प्रोफाइल्स’ हे पान उघडून नवीन प्रोफाइल बनवताना हेच फोल्डर निवडा. तुकडे तोडून नेणार असाल तर पासवर्डसाठी ‘लॉगिन्स’ची जेसन फाइल आणि ‘की४’ची डीबी फाइल या जोडीने न्याव्या लागतात, एक नेऊन दुसरी विसरलात तर पासवर्ड उलगडत नाहीत. नुसते बुकमार्कच हवे असतील तर सोपं आहे: प्रोफाइलमधल्या ‘बुकमार्क-बॅकअप्स’ फोल्डरात आधीच्या प्रती असतात, त्या लायब्ररीच्या खिडकीतून रिस्टोअर करता येतात. थंडरबर्ड वापरत असाल तर २४.०४ मध्ये त्याचंही असंच स्थलांतर झालं आहे. फ्लॅटपॅकचे (तसाच दुसरा पॅकेजचा प्रकार) प्रोग्राम आपला संसार होममधल्या डॉट-व्हारखालच्या ‘ॲप’ फोल्डरात थाटतात, तेही लक्षात असू द्या.

याच दुखण्यासाठी हे वाचणाऱ्या, पण ग्नोम न वापरणाऱ्यांसाठी थोडंसं. केडीई प्लाझ्माच्या फाइली साध्या टेक्स्टच्या आहेत, त्यामुळे तिथे जीव अर्धा भांड्यात पडतो. पॅनेल आणि विजेट्सची मांडणी ‘ॲपलेट्स-आरसी’ने संपणाऱ्या लांबलचक नावाच्या फाइलीत, विंडोंचं वागणं ‘केविन-आरसी’मध्ये, शॉर्टकट ‘के-ग्लोबल-शॉर्टकट्स-आरसी’मध्ये. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ वर पाचसाठीची बाहेरून आणलेली विजेट्स चालत नाहीत, त्यामुळे मांडणीची जुनी फाइल आणलीत तर त्यांच्या जागी त्रुटीचे संदेश दिसतील. तेवढी काढून टाका. एक्सएफसीईच्या सेटिंग्ज डॉट-कॉन्फिगमधल्या ‘एक्सएफसीई४’खाली एक्सएमएल फाइलींत असतात, आणि एक्सएफकॉन्फडी नावाचा प्रोग्राम त्या स्मरणात धरून बसतो. डेस्कटॉप चालू असताना तिथे फाइल बदलली तर ती हमखास मागे फिरते. लॉगआउट करून कन्सोलवरूनच बदला. सिनॅमन आणि माटे डीकॉन्फ वापरतात, वर सांगितलेली डम्प-लोडची युक्ती तशीच चालते.

आणखी दोन गोष्टी ‘सेटिंग गेली’ म्हणून येतात आणि मुळात सेटिंग नसतात. उबुंटू आता बहुतेक मशिनवर वेलँड (पडदा आणि कळा हाताळणारी नवी पद्धत) सेशन सुरू करतो. एक्समॉडमॅपने कळांची अदलाबदल केली असेल तर ती तिथे लागू होत नाही, फाइल होममध्ये कितीही जागेवर असली तरी. लॉगिनच्या पडद्यावर दातेरी चाकाच्या चिन्हातून एक्सऑर्गचं (जुन्या पद्धतीचं) सेशन निवडून बघा. तिथे कळा नीट चालल्या तर कारण सापडलं. दुसरं म्हणजे जीटीके ३ (प्रोग्रामांच्या खिडक्या आणि बटणं काढणारी लायब्ररी) साठीची थीम. नवे ग्नोम प्रोग्राम लिबॲडवेटा ही नवी लायब्ररी वापरतात आणि जुन्या थीमला जुमानत नाहीत, म्हणून अर्ध्या खिडक्या थीममध्ये आणि अर्ध्या नाहीत असं चित्र दिसतं. यावर खटपटी उपाय आहेत, पण पुढच्या अपग्रेडला ते पुन्हा मोडतात, म्हणून मी स्वतः नाद सोडला.

सगळं करूनही काहीतरी विचित्रच वागत असेल तर एक नवीन युजर बनवा आणि त्यात लॉगिन करा. तिथेही तोच दोष दिसला तर गोष्ट सिस्टीमची आहे, होम कितीही उकरलं तरी हाती काही लागणार नाही. तिथे ठीक असेल तर दोष तुमच्या होममध्ये आहे आणि शोध चालू ठेवण्यात अर्थ आहे. ही पाच मिनिटांची चाचणी लोक सगळ्यात शेवटी करतात. मीही तुम्हाला ती शेवटीच सांगतो आहे, कारण तुमच्या बाबतीत कारण समोर दिसत होतं. एरवी मी इथूनच सुरुवात करतो.

टाइमशिफ्टच्या (सिस्टीमच्या प्रती ठेवणारा प्रोग्राम) स्नॅपशॉटमध्ये जुन्या सेटिंग्ज सापडतील असं वाटत असेल तर आधी तपासा. टाइमशिफ्ट स्वतःहून होम फोल्डर वगळतो, तुम्ही मुद्दाम सांगितलं असेल तरच घेतो. तुमचा खरा आधार ती बाहेरची डिस्कच आहे, तेव्हा हे काम संपेपर्यंत तिच्यावर काहीही लिहू नका. जमल्यास रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे फक्त वाचता येईल अशी जोडा. ‘कॉन्फिग-रूट’ हे फोल्डर शॉर्टकट, एक्स्टेन्शन्स आणि बुकमार्क परत आल्यावर लगेच उडवलंत तरी चालेल, ती बॅकअपचीच नक्कल आहे. काढताना सुडो लागेल, आणि एंटर दाबण्याआधी फोल्डरचं नाव पुन्हा एकदा वाचा.